तिसरा वेढा

माझा दादा जमिनीला मारायचा आणि माणसांनाही मारायचा. जमिनीला मोजून मारायचा, माणसांना मारताना मात्र मोजायचं भान त्याला राहत नसे. आता तो कोणावर हात टाकत नाही. का टाकत नाही ते सांगते, पण मधे मधे फाटे फोडू नका, माझं डोकं फिरतं. आमच्या घरातला सगळा राग एकट्या दादाकडे गेला असं लोक म्हणतात. ते लोक माझ्याशी कधी भांडलेले नसतात.

दादाचा धंदा माती तपासायचा. कोणाला घर बांधायचं असलं, गोदाम बांधायचं असलं, की खालची जमीन ते वजन पेलेल का हे आम्ही सांगायचं. तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची, जमिनीत भोक घ्यायचं, दर दीड मीटरवर थांबायचं आणि तळाशी एक नळी टेकवायची. मग नळीच्या दांड्यावर साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडायचा. दांड्यावर अर्ध्या अर्ध्या फुटावर खडूच्या तीन खुणा केलेल्या असतात. पहिला अर्धा फूट धरायचा नाही, कारण भोक घेताना तिथली माती विस्कटलेली असते. पुढचा एक फूट आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. चार-पाच ठोक्यांत गेली तर जमीन म्हणजे लोणी, तिथे कोंबड्यांचं खुराडंही बांधू नका. बारा-पंधरा लागले तर दोन मजले चालतील. पन्नास ठोक्यांना हलली नाही तर खुशाल किल्ला बांधा. इतकं सरळ काम आहे, आणि त्याच्या भरवशावर माणसं डोक्यावर छप्पर घेऊन झोपतात.

ठोके दादा मोजायचा, वहीत मी लिहायची, आणि हातोड्याची दोरी आमचे हे ओढायचे. आमचे हे म्हणजे माझा नवरा. पूर्वी शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायचे, गाय माणूस. दादाने त्यांना कामावर घेतलं ते माझ्याकडे बघून, आणि रोज 'जावईबापू' म्हणून टोमणे मारायचा तेही माझ्याकडे बघूनच. दोरीचं काम दिसायला सोपं. हातोड्याची दोरी वरच्या कप्पीवरून येते आणि इंजिनवर फिरणाऱ्या ड्रमला तिचे दोन वेढे घेतात. टोक ओढलं की ड्रम दोरी पकडतो, हातोडा वर जातो. टोक सोडलं की हातोडा पडतो. वेढे दोनच घ्यायचे, हा आमच्या धंद्यातला वेदवाक्यासारखा नियम. तिसरा वेढा घेतला तर हाताला जोर कमी लागतो, पण पडताना दोरी ड्रमला घासत राहते आणि हातोडा रखडत पडतो. मार हलका झाला की ठोके जास्त लागतात, आणि लोण्यासारखी जमीन कागदावर टणक दिसते.

हे सगळं दादाला शिकवलं एका उस्तादाने. एक चूक, एक थप्पड. आईवडील गेले तेव्हा दादा चौदा वर्षांचा होता, मी सहा. संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन घरी यायचा आणि मला समोर बसवून शंभरपर्यंत मोजायला लावायचा. मी एकोणतीसनंतर चाळीसवर उडी मारायची. त्याचा हात उठायचा आणि तसाच खाली यायचा. "तुला नाही मारणार, चिमे," म्हणायचा, "तुला कधीच नाही." तो शब्द त्याने पाळला. मला त्याने आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही, बाकी कोणाला सोडलं नाही.

सिमेंटच्या गाडीवाल्याचे दोन दात पाडले, कारण त्याने भोकावरून चाक नेलं. एका मुकादमाला भर रस्त्यात पाण्याच्या पिंपात डोक्यापर्यंत बुडवला. वहिनीवर हात टाकला तो दोनदाच, पण तिला दोनदा पुरलं. तिसऱ्या वर्षी माहेरी गेली ती गेलीच. जाताना मला म्हणाली, "तुझा भाऊ वाईट नाही गं, पण त्याच्या शेजारी बसायची भीती वाटते." मी तिच्यावरच उखडले. म्हटलं, माझ्या दादाला बोलायचं काम नाही.

तर एक दिवस गादीवाला आला. बाजारात त्याचं गाद्या-उशांचं मोठं दुकान, दोन मुलगे, दोघांची लग्नं व्हायची. कारखान्याच्या मागच्या अंगाला त्याने एक भूखंड घेतला होता. खाली राहायचं, वर मुलांचे संसार, असा त्याचा बेत. जुनी माणसं सांगायची की तिथे कधीकाळी विटांसाठी माती उपसलेला मोठा खड्डा होता आणि नंतर तो कचऱ्याने भरून टाकला. खड्डा कुठून कुठपर्यंत होता, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायला आम्हाला बोलावलं होतं.

सकाळी पूर्वेच्या बाजूला पहिलं भोक घेतलं. चार, पाच, पाच. नळी दोन फाकांत उघडली तर आत काळी माती, विटांचे तुकडे, काचा. दादाने चिमूट तळहातावर चोळली, वास घेतला आणि थुंकला. "भर आहे," म्हणाला, "इथे काही उभं राहायचं नाही."

दुपारी आमचे हे पाणी प्यायला गेले आणि दोरी फिरत्या ड्रमवर तशीच राहिली. घासून घासून दोरीतून धूर निघायला लागला. चूक यांचीच, मी नाही म्हणत नाही. दादाने पाइप घट्ट करायचा जड पाना उचलला आणि यांच्या अंगावर चालून गेला. यांनी तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. पाना तळव्यावर बसला. अंगठ्याच्या बेचक्यापासून मनगटापर्यंत कातडं उसवलं, आतलं पांढरं दिसलं आणि मग रक्त आलं. "अरे मेल्या, हात गेला ना त्यांचा!" मी ओरडले. "डोकं गेलं नाही हे नशीब समज," दादा म्हणाला आणि भाकरी खायला बसला. मी ओढणीचं टोक फाडून यांच्या हाताला करकचून बांधलं.

जेवण झाल्यावर पश्चिमेला दुसरं भोक. मी ड्रमच्या समोर बसलेली, दादा दांड्याच्या खुणांवर डोळा लावून, ड्रमकडे पाठ करून. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, डाव्याने बारीक फरक कळत नाही, तीस वर्षं हातोड्याशेजारी उभा राहून कान केव्हाच बसलेत. नाहीतर रखडता ठोका त्याने आवाजावरून ओळखला असता. यांनी दोरी उचलली, दोन वेढे घेतले, ओढून बघितलं. चिंधी लाल झाली. मग यांनी माझ्याकडे बघितलं आणि तिसरा वेढा घेतला.

मी बघितलं. शप्पथ सांगते, अगदी नीट बघितलं.

दादा मोजायला लागला. अकरा, मग दीड मीटर खाली बारा, मग पुन्हा बारा. नळी उघडली तर तीच काळी माती, तोच विटेचा तुकडा. दादा बराच वेळ ती माती चोळत बसला. "माती तर तशीच दिसते," पुटपुटला. "चिमे, किती लिहिलेस?"

"बारा."

"नक्की?"

"मोजलेस तू, मला काय विचारतोस?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो पाना त्याच्या पायाशी पडला होता आणि त्यावर यांचं रक्त अजून ओलं होतं. तिसरा वेढा म्हटलं असतं तर या वेळी हातावर थांबलं नसतं. मी मनाची समजूत घातली की बारा नसतील तर आठ असतील, आणि आठवर काय लगेच घर कोसळतं? दादाने उस्तादाचं वाक्य म्हटलं, "नाक फसतं, डोळा फसतो, ठोका फसत नाही." म्हणजे खड्ड्याची कड दोन भोकांच्या मधे आहे, पूर्वेला भर, पश्चिमेला मूळ जमीन. अहवालात त्याने तसं लिहून दिलं. पश्चिमेच्या बाजूला बांधा, साधा पाया चालेल.

पुढे कधी कधी हे अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायचे, "सांगून टाकूया का गं?" मी म्हणायची, "गप पडा, तुम्हाला मरायची हौस आहे का?" तिकडे घर उभं राहत होतं. त्या रस्त्याने जायचं मी सोडून दिलं.

आठव्या महिन्यात पश्चिमेचा कोपरा खचला. जिन्याची भिंत सकाळच्या वेळी कोसळली, आणि खाली गादीवाल्याचा धाकटा विटांवर पाणी मारत उभा होता. तो वाचला, पण उजवा पाय गुडघ्यातून कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी गादीवाला आमच्या अंगणात आला. सोबत थोरला मुलगा, दुकानातली पाच-सहा माणसं, हातांत सळया. दादा दात घासत होता. पहिली सळई पाठीत बसली तसा तो वळला आणि मारणाऱ्याच्या नाकावर डोकं हाणलं. नाक फुटल्याचा आवाज मी दारातून ऐकला. दुसऱ्याला त्याने बादलीने झोडपला. पण सहा जणांपुढे एकटा किती पुरणार? त्याला खाली पाडला, लाथांनी तुडवला, थोरल्याने बरगडीवर सळई घातली. मी एकाच्या मनगटाला चावले, तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. कोणीतरी केस धरून मला भिंतीवर आदळलं. आमचे हे मधे पडले आणि त्यांचीही कणीक तिंबली गेली.

"बास!" गादीवाला ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "याला मारून माझ्या पोराचा पाय उगवणार आहे का? आधी याच्या तोंडून ऐकायचंय मला. बोल रे, कसली जमीन दिलीस मला?"

दादा उठून बसला. एक डोळा पूर्ण मिटलेला. रक्त थुंकला आणि म्हणाला, "माझे ठोके बरोबर आहेत. तुझ्या गवंड्याने माती खाल्ली असेल. चल, आत्ता पुन्हा भोक घेतो, तुझ्या पोराने मोजायचं. ठोके चुकलेले निघाले तर हा उजवा हात तुझा."

"चल," गादीवाला म्हणाला.

सगळी वरात भूखंडावर गेली. पडलेल्या भिंतीच्या विटा तशाच होत्या, काहींवर वाळलेलं रक्त. पश्चिमेच्या जुन्या भोकाशेजारी घोडी उभी करायला दादाला दुप्पट वेळ लागला, बरगडी मोडली होती. हे पुढे झाले तर म्हणाला, "जावईबापू, तुम्ही लांब राहा. आज दोरी माझ्या हातात." त्याने दोन वेढे घेतले. मी वही घेऊन जुन्या जागी बसले. पुढे काय होणार हे तिथे दोनच माणसांना माहीत होतं, आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

हातोडा पडायला लागला. पहिला अर्धा फूट सोडून दिला, मग थोरला मोठ्याने मोजायला लागला. "एक. दोन. तीन. चार. पाच." दांडा तिसऱ्या खुणेपर्यंत आत गेला होता. दादाने दोरी धरूनच खाली बघितलं. "पुढे घेऊ," म्हणाला. दीड मीटर खाली चार. त्याच्या खाली पाच. दादाने इंजिन बंद केलं.

"चिमे, जुनी वही काढ."

काढली.

"काय लिहिलंय?"

"अकरा, बारा, बारा."

त्या दिवशी मार खातानाही त्याचं तोंड असं झालं नव्हतं. आयुष्यभर ज्यावर विश्वास ठेवला तेच उलटलं होतं. "मग चुकलो मी," म्हणाला. "कसा ते कळत नाही, पण चुकलो." आणि विटांच्या ढिगाजवळ जाऊन गुडघ्यावर बसला, उजवा हात एका विटेवर ठेवला. थोरल्याने सळई उचलली.

"थांबा!" मी किंचाळले. "दोरीला तीन वेढे होते! त्या दिवशी दोरीला तीन वेढे होते!"

बाकीच्यांना काही कळलं नाही, दादाला कळलं. तो उठला, दोन ढांगांत यांच्यापाशी पोचला, गचांडी धरली आणि मूठ उगारली. मला वाटलं, संपलं सगळं, आता कुंकू पुसायचंच बाकी. यांनी पळायचा प्रयत्न केला नाही. फक्त सवयीने उजवा हात तोंडापुढे धरला, त्या दुपारी धरला होता तसाच. तळव्यावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत पांढरा वण.

दादाची मूठ हवेत राहिली. "हे काय?"

"तुमचंच आहे, दादा," हे म्हणाले. "दोन वेढ्यांवर दोरी धरवेना."

दादा त्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "तू बघितलं होतंस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

कारणं शंभर होती. पण तोंडातून खरं तेच आलं. "तुझी भीती वाटली."

त्याने मला कधी मारलं नव्हतं. मला घाबरायचं कारण नाही असं तो समजून चालला होता, आणि मीही तसंच समजत होते. वहिनीचं बोलणं मला तेव्हा आठवलं. त्यालाही काहीतरी आठवलं असेल, कारण गचांडीवरची बोटं एकेक करून सुटली.

थोरला सळई घेऊन यांच्याकडे निघाला होता. "म्हणजे या हरामखोराचं काम!" दादाने यांना मागे ढकललं आणि मधे उभा राहिला. "दोरी त्याच्या हातात होती," म्हणाला, "हात मी फोडला होता. शब्दही मी दिलाय." आणि परत जाऊन विटेवर हात ठेवला.

"काका, पाया पडते तुमच्या," मी गादीवाल्याला म्हटलं. तो रक्ताच्या विटांकडे बघत होता, मला ऐकलं की नाही कोण जाणे.

सळई पडली. दादा ओरडला नाही. दुसरी पडली, तेव्हा हाडाचा आवाज आला. मी मोजत होते, जन्माची सवय. तिसरी उचलली तेव्हा गादीवाल्याने मुलाचा हात धरला आणि खाली बसून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. दादा त्याच्या शेजारी बसून राहिला, तुटलेला हात मांडीवर घेऊन. मी त्याला उठवायला गेले तर म्हणाला, "थांब जरा."

याला आता चार वर्षं झाली. ते घर पाडलं. धाकटा कुबड्या घेऊन दुकानात बसतो, आणि आम्ही गाद्या दुसरीकडून घेत नाही, त्याच्याकडूनच घेतो. तो देतो, पण बोलत नाही. दादाच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही. ठोके आता मी मोजते, वही दादाकडे. डाव्या हाताने लिहितो, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्या वहीत खोलीच्या रकान्याआधी त्याने एक नवा रकाना आखलाय, 'दोरीवाल्याचा हात'. रोज इंजिन चालू करायच्या आधी यांच्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "जावईबापू, हात दाखवा." हे दाखवतात. तो उलटा-सुलटा करून, दाबून बघतो, मग लिहितो, 'ठीक'. इतर बोअरवाले आम्हाला हसतात. हसोत बापडे.

गेल्या आठवड्यात यांच्या तळव्याला फोड आला होता. दादाने रकान्यात 'फोड' लिहिलं आणि काम बंद केलं. ज्याची जमीन होती तो गृहस्थ तापला. आमचं खानदान काढलं, आणि शेवटी दादाची कॉलर धरली. दादाचा डावा हात वर गेला, मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो त्या माणसाची बोटं आपल्या कॉलरवरून सोडवत होता. "उद्या या, साहेब," म्हणाला, "आज हात बरा नाही आमचा."

तो माणूस गेल्यावर दादा माझ्याजवळ आला. बघत मात्र घोडीकडे होता. "डोळे मिटलेस तू," म्हणाला. "अजून भीती वाटते?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्याच्यासमोर बसून मी एकदा खोटा आकडा लिहिलाय, आणि एका पोराचा पाय त्यात गेलाय.

"वाटते," मी म्हटलं. "थोडी."

त्याने मान हलवली. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाला, आणि पाना उचलून डाव्या हाताने घोडीचे बोल्ट सोडवायला लागला.